स्टिअरिंग जड येतंय

३ फेब्रुवारी, मंगळवार

गाडी आज पुन्हा वळताना कण्हली. सरळ रस्त्यावर काही नाही, पण चाक वळवलं की बॉनेटखालून असा आवाज येतो, जणू कुणाची दाढ काढताहेत. आणि स्टिअरिंग इतकं जड की बैल ओढल्यासारखं ओढावं लागतं. त्यापायी आज आमच्या इमारतीच्या फाटकाचा डावा खांब गाडीच्या अंगाला लागला. पुढच्या दिव्यापासून मागच्या दारापर्यंत ओरखडा. खांब काही आज उगवलेला नाही, आम्ही राहायला आलो तेव्हापासून तिथेच आहे. पण स्टिअरिंग वेळेवर फिरलंच नाही तर माणसाने काय करायचं?

ही शेजारी बसली होती. खाली उतरली, ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "गाडी थोडे दिवस गॅरेजातच ठेवून द्या ना. घाई काय आहे?"

घाई काय आहे म्हणे. लेकीचे दिवस भरत आलेत. ती परगावी, गाडीने अर्धा दिवस लागतो. जावई बोटीवर नोकरीला, तो इतक्यात यायचा नाही. तिचा फोन आला की आम्ही दोघांनी निघायचं, हे केव्हाच ठरलंय. आणि ही विचारते घाई काय आहे.

संध्याकाळी गॅरेजवाल्याकडे जाऊन आलो. त्याने बॉनेट उघडलं, बोट बुडवलं, तेल काळं झालंय म्हणाला, पंपही गेला असणार, आठवडाभर गाडी सोडा, सगळंच बदलून टाकू. मी म्हटलं, आधी तेल बदलून बघितल्याशिवाय पंप गेलाय हे कसं कळणार? तर म्हणतो, "काका, तुम्हाला एवढं कळतंय तर तुम्हीच करा की."

ठीक आहे. मीच करतो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गाडीसोबत आलेलं माहितीपुस्तक माळ्यावरून काढलं. अक्षर मुंगीच्या पायाएवढं, पण मला चष्मासुद्धा पुसावा लागला नाही. जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. सुटलेला अनुस्वार मला अजून हातभरावरून दिसतो. ही परवा पुन्हा डोळे तपासून घ्या म्हणत होती. मी तिच्यासमोर वर्तमानपत्र धरलं आणि पहिल्याच पानावरच्या तीन चुका काढून दाखवल्या.

एकूण प्रकार सोपा आहे. इंजिनाजवळ एक प्लास्टिकची कुपी असते, तिच्यात तेल. पंप ते तेल दाबतो आणि त्या जोरावर चाकं वळतात; आपण फक्त निमित्तमात्र. तेल जुनं झालं, घाण झालं, की सगळा भार आपल्या हातांवर. म्हणजे जुनं काढायचं, नवं भरायचं, आत शिरलेली हवा घालवायची. पुस्तकात 'द्रव' ऐवजी 'द्रव्य' छापलंय. 'कुपीत खुणेपर्यंत द्रव्य ओतावे.' गॅरेजवाल्याचंही तेच म्हणणं होतं.

ही दुपारी शिवणक्लासला गेली होती. एवढे दिवस जाते आहे, अजून घरात साधा रुमाल शिवून आला नाही. विचारलं तर म्हणते, अजून कागदावरच कापतोय.

७ फेब्रुवारी, शनिवार

तेल आणायला गेलो. चालत, कारण हिने किल्ली कुठेतरी ठेवली आणि ती सापडेना. दुकानदाराला कुपीच्या झाकणावरचं तेलाचं नाव कागदावर लिहून दाखवलं. त्याने न वाचताच फळीवरची बाटली काढून दिली. घरी येऊन बघतो तर ब्रेकचं तेल. ते घातलं असतं तर पंपाची रबरं फुगून बसली असती, हे मी परवाच वाचलंय. परत गेलो. त्याने लाल तेल दिलं. तेही आमच्या गाडीचं नव्हे, म्हणून तिथल्या तिथे परत केलं. मग आत जाऊन धूळ झटकत तिसरी बाटली आणली. ती बरोबर निघाली. तोवर दुकानात माझ्यामागे रांग लागली होती आणि सगळे माझ्याकडे असे बघत होते, जणू दुकानदार मीच आणि माल न देणाराही मीच.

घरी येतो तर किल्ली नेहमीच्या खिळ्यावर. ही म्हणाली, "तिथेच तर होती."

८ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस कुणाच्या वाट्याला येऊ नये.

सकाळी आवारात गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं पसरली. कुपीचं झाकण जाम. कापड गुंडाळून फिरवलं, हाताचं साल निघालं, मग एकदम सुटलं आणि कोपर बॉनेटवर आदळलं. औषधाच्या दुकानातून मोठी सिरिंज आणली होती, तिला नळी लावून तेल ओढायला घेतलं. काळंकुट्ट तेल, करपल्याचा वास. दोनदा छान ओढलं गेलं. तिसऱ्यांदा दट्ट्या पूर्णच बाहेर आला आणि सगळं शर्टावर.

एवढ्यात वरच्या मजल्यावरचे सल्लागार उतरले. यांचं खरं नाव इमारतीत कुणी घेत नाही. विम्याच्या कंपनीतून निवृत्त झाले आणि तेव्हापासून जगाचा विमा उतरवून बसलेत. म्हणाले, "हे असं नसतं करायचं." कसं करायचं असतं, ते मात्र सांगितलं नाही. नुसतेच उभे राहिले.

नवं तेल ओतायला घेतलं तर नरसाळ्याच्या बाहेर. मला वाटलं धार बरोबर मधे पडतेय. सल्लागार ओरडले तेव्हा बघितलं, निम्मं तेल डावीकडून इंजिनावर वाहतंय. हलक्या प्रतीचं नरसाळं, दुसरं काय. सरळ उभंच राहत नाही.

आणि मग झाकण सापडेना. गाडीखाली शोधलं, वर्तमानपत्रं उलथीपालथी केली, खिसे तपासले, सल्लागारांनाही खिसे तपासायला लावले. ते रागावून वर गेले. ऊन चढलं. ही जिन्याच्या पायरीवर बसून बघत होती. बऱ्याच वेळाने उठली आणि माझ्या डाव्या कोपराजवळून, बॉनेटच्या कडेवरून, झाकण उचलून हातात दिलं.

"हे इथे कुणी ठेवलं?" मी विचारलं.

"तुम्हीच," ती म्हणाली.

शक्यच नाही. सल्लागारांनी ठेवलं असणार.

९ फेब्रुवारी, सोमवार

पाठ धरली आहे. लिहवत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

कुपीतलं तेल बदललं म्हणजे झालं असं नाही. नळ्यांमध्ये आणि पंपात जुनं तेल उरतंच, आणि माझ्या सगळ्या उचापतीत हवाही शिरलीय. आता पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवत राहायचं आणि दुसऱ्याने कुपीवर लक्ष ठेवून तेल घालत राहायचं. म्हणजे दोन माणसं हवीत. सल्लागारांशी बोलणं बंद आहे. उरली ही.

जन्मात कधी चालवणाऱ्याच्या बाजूच्या दाराला हात न लावलेली बाई. मला वाटलं अर्धा तास समजावण्यात जाणार. ही जाऊन बसली, सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला लावून घेतला आणि म्हणाली, "सांगा."

"आरशाला कशाला हात लावलास? गाडी जागची हलणार नाहीये."

"चुकून," ती म्हणाली आणि आरसा पुन्हा वाकडा केला.

फिरवलं मात्र छान. हिसके नाहीत, घाई नाही. टोकाला नेलं की लगेच हात सैल. मी म्हटलं, टोकाला नेऊन तिथे दाबून धरू नकोस. ती म्हणाली, "माहितीये, पंपावर ताण येतो."

"तुला कुणी सांगितलं?"

"क्लासमध्ये एक बाई बोलत होत्या."

शिवणक्लासमध्ये पंपाबद्दल काय बोलतात कोण जाणे. तो क्लास खिडकीत भरत असावा, असंही वाटतं. तिचा उजवा हात कोपरापर्यंत रापलाय, डावा नाही.

शेवटी इंजिन सुरू केलं. कुपीतलं तेल फेसाळून दुधासारखं वर आलं आणि आवाज पूर्वीपेक्षा मोठा. आधी कण्हत होती, आता हंबरडा फोडते. स्टिअरिंग तेवढंच जड. हिला म्हटलं, आगीतून फुफाट्यात पडलो. ती म्हणाली, "मग राहू द्या ना. बसने जाऊ लेकीकडे."

मी बॉनेट इतक्या जोरात आपटलं की खालच्या मजल्यावरचं मांजर पळून गेलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा तेच. पुन्हा फेस. जिन्यात सल्लागार भेटले. अबोला त्यांनीच सोडला. "काय, वळते का?" मी म्हटलं, स्टिअरिंगच तसं आहे. ते म्हणाले, "नाचता येईना…" आणि पुढचं न बोलता वर गेले. गॅरेजवाल्याबद्दल म्हणत असावेत. त्यांना तो पहिल्यापासून आवडत नाही.

रात्रीच्या जेवणाआधी लेकीचा फोन. पाय सुजलेत, झोप नाही, बाकी बरं. "बाबा, तू गाडीच्या मागे लागू नकोस, बसने या," ती म्हणाली. मायलेकींनी संगनमत केल्यासारखं एकच वाक्य. मी सांगितलं, तुझ्या जन्माच्या वेळी तुझ्या आईला मीच गाडीतून नेलं होतं, तुझ्या वेळीही मीच येणार. ती मग म्हणाली, "आईला दे."

फोनवर दोघी हळू आवाजात बोलत होत्या. फोन ठेवल्यावर बघितलं तर हिचे डोळे लाल. बाळंतपणाची काळजी असणार. धीर दिला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

जमलं.

चूक घाईत होती. फेस आला की थांबायचं, गाडीला हात लावायचा नाही, हवा आपोआप वर येऊ द्यायची. दोन दिवस मी तिला श्वासच घेऊ देत नव्हतो. आज सकाळी कुपीतलं सगळं पुन्हा काढलं, एका नळीची क्लिप ढिली होती ती आवळली (हवा तिथूनच आत जात होती), नवं तेल भरलं आणि सरळ घरात येऊन चहा प्यायलो. मग हिला बसवलं. हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत. बुडबुडे आले, फुटले, पुन्हा आले, कमी झाले. चहा. पुन्हा तेच. दुपारनंतर इंजिन सुरू केलं तेव्हा तेल काचेसारखं स्वच्छ आणि आवाज नाही. अजिबात नाही. जॅक काढून गाडी जमिनीवर ठेवली, आत बसलो आणि एका बोटाने स्टिअरिंग फिरवलं. लोण्यातून सुरी जावी तसं.

सल्लागारांना मुद्दाम खाली बोलावून फिरवायला लावलं. "अंगण सरळ झालं म्हणायचं," ते म्हणाले, पण हिच्याकडे बघून. कौतुक करतानाही माणसाने समोरच्याकडे बघू नये म्हणजे काय.

हिने फक्त "छान झालं" म्हटलं आणि भांडी घासायला लागली. ती घासलेलीच होती. एवढी मेहनत घेतली, कुणासाठी? एक शब्द कौतुकाचा नाही. उद्या जरा लांब फेरी मारून गाडीची परीक्षा घेतो. तीही येते म्हणाली. नको म्हटलं तरी येतेच म्हणाली.

१५ फेब्रुवारी, रविवार

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो.

बाजारापर्यंत गेलो, तिथून तळ्याच्या रस्त्याने परत. गाडी सुरेख चालत होती. तळ्याच्या कोपऱ्यावर डावीकडे वळायचं होतं. दिवा दाखवला, डावीकडे बघितलं. शपथेवर सांगतो, बघितलं. रस्ता मोकळा होता. वळवलं. हिने एकदम माझा दंड धरला, "सायकल" एवढंच म्हणाली आणि त्याच क्षणी दाराला काहीतरी घासलं.

एक बाई होती, आमच्या लेकीच्या वयाची. सायकल चाकाखाली वेडीवाकडी, ती रस्त्याच्या कडेला बसलेली. हनुवटीतून रक्त, कोपर सोललेलं. मी उतरलो. काय बोललो आठवत नाही. बहुधा, तुम्ही कुठून आलात, असं काहीतरी.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "अहो, मी केव्हाची तुमच्या शेजारूनच चाललेय. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. म्हणून तर मला वाटलं, थांबाल."

लोक जमले. हिने आपल्या ओढणीने तिची हनुवटी दाबली, तिला मागच्या सीटवर बसवलं, सायकल कोपऱ्यावरच्या दुकानात ठेवायला लावली. मी पुन्हा चालवायला बसलो आणि किल्ली फिरवायला गेलो तर हात किल्लीवर ठरेना. ही माझ्या बाजूचं दार उघडून उभी राहिली.

"सरका," ती म्हणाली.

"काय?"

"पलीकडे सरका."

मी सरकलो. तिने सीट पुढे ओढली, आरसा लावला, पट्टा बांधला, मागे बघितलं, दिवा दाखवला आणि गाडी रस्त्यावर घेतली. दवाखान्यापर्यंत नेली. एकदाही गाडी बंद पडली नाही. मी शेजारी बसून तिच्या हातांकडे बघत राहिलो. तीसेक वर्षांचा संसार आणि हे हात मला माहीत नव्हते.

हनुवटीला टाके पडले. हाड शाबूत. त्या बाई म्हणाल्या, तक्रार करायची नाही, पण तुम्ही डोळे तपासा. त्यांचा नवरा आला, नुसता माझ्याकडे बघत उभा राहिला. तेही बरोबरच आहे.

स्टिअरिंगचा काही दोष नव्हता. स्टिअरिंग लोण्यासारखं होतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज दिवसभर राग. काल भीती होती, त्यापेक्षा राग बरा.

"शिवणक्लास," मी म्हटलं.

"हो."

"कधीपासून?"

"थंडी सुरू झाल्यापासून. परवानाही आलाय गेल्या महिन्यात."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही स्वतःच शिकवायला बसला असतात," ती म्हणाली. "मग मी आयुष्यात शिकले नसते."

यावर मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी बोलत सुटलो. माझ्या पाठीमागे, माझ्या घरात, लेकीलाही सामील करून घेऊन, सल्लागारांनाही बहुधा माहीत असणार, एक मीच मूर्ख. तिने सगळं ऐकून घेतलं. मग टेबलावरचा माझा चहाचा कप उचलून माझ्या डाव्या हाताजवळून उजवीकडे ठेवला.

"हा कप रोज सांडता," ती म्हणाली. "दाराच्या डाव्या चौकटीला रोज खांदा लागतो. मी डावीकडून आले की दचकता. वर्षभर बघतेय. डोळे दाखवू म्हटलं की पेपरातल्या चुका काढून दाखवता. मी काय करू? गाडी बिघडली तेव्हा मला बरं वाटलं. तुम्ही ती दुरुस्त करायला निघालात तर रोज मनात म्हणायचे, नाही जमलं पाहिजे. किल्ली मीच लपवली. त्या दिवशी झाकणही मला लगेच दिसलं होतं. उगाच तुम्हाला उन्हात शोधायला लावलं. शेवटी तुमची दया आली म्हणून दिलं."

"आणि बुधवारी स्टिअरिंग फिरवायला बसलीस ती?"

"तुम्ही एकटेच गाडीखाली शिरला असतात."

मी खाली जाऊन गाडीत बसलो. एका बोटाने स्टिअरिंग फिरवत राहिलो. सुंदर काम झालंय, त्यात शंका नाही. वर आलो तेव्हा ती पोळपाटासारखं तोंड करून बसली होती. मी म्हटलं, डॉक्टरची वेळ घे. तेवढंच बोललो. माफी वगैरे दोघांपैकी कुणीच मागितली नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

डोळ्यांची डॉक्टर तरुण आहे. आधी अक्षरांचा तक्ता वाचायला दिला. शेवटची ओळ मी घडाघडा वाचली आणि हिच्याकडे बघितलं. डॉक्टर म्हणाली, "याबद्दल शंकाच नाही, काका. आता इकडे या."

एका पांढऱ्या अर्धगोलात हनुवटी ठेवायची, मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि कुठेही उजेडाचा कण चमकला की हातातलं बटण दाबायचं. दाबत होतो. मधे मधे बराच वेळ काहीच चमकायचं नाही. मी शेजारी उभ्या तंत्रज्ञाला म्हटलं, तुमचं यंत्र अडकतंय. तो म्हणाला, चालूच आहे.

मग कागद छापून आला. दोन डोळ्यांची दोन वर्तुळं. दोन्हींत काळं, पण डाव्या डोळ्याचं वर्तुळ कडेपासून मधल्या ठिपक्याच्या जवळपर्यंत काळंभोर. असं पान माझ्या टेबलावर आलं असतं तर शाई सांडलीय म्हणून परत पाठवलं असतं. काचबिंदू म्हणाली. गेलेलं परत येत नाही, राहिलंय ते राखायचं, रोज थेंब घालायचे. डोळ्यांतला दाब, नस वगैरे बरंच समजावलं.

मी म्हटलं, पण मला कुठे काळं दिसत नाही. सगळं दिसतंय. डाव्या बाजूला भिंत आहे, कॅलेंडर आहे.

"जिथे दिसत नाही तिथे अंधार दिसत नाही," ती म्हणाली. "मेंदू आजूबाजूचं ओढून ती जागा बुजवतो. रस्ता मोकळा आहे असंच वाटतं."

हे मात्र मला कुणी समजावून सांगायला नको. चुकीचं अक्षर नव्या पोरालाही सापडतं. सगळ्यांत कठीण म्हणजे गळलेली ओळ. वरची ओळ खालच्या ओळीशी सांधली जाते, अर्थ लागतो, नजर सरळ पुढे जाते. पान निर्दोष वाटतं. छापून झाल्यावर लेखक रडत येतो.

"गाडी?" मी विचारलं.

"नाही, काका."

नम्र मुलगी आहे. पण "नाही"च म्हणाली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

थेंब डोळ्यात पडत नाहीत. गालावर, कानात, उशीवर. हिने घालते म्हटलं, मी नको म्हटलं, पुन्हा गालावर. सगळ्याचा कंटाळा आलाय. सल्लागार म्हणाले, रिक्षा सोयीच्या पडतात. त्यांना म्हटलं, तुमच्या सोयी तुमच्याकडे ठेवा.

लेकीला फोन करून विचारलं, तुला माहीत होतं? हो म्हणाली. "आई रडायची बाबा फोनवर. तुला सांगायची हिंमत नव्हती कुणाला." मी काय वाघ आहे का? फोन ठेवल्यावर हिला विचारलं, मी काय वाघ आहे का? ती म्हणाली, "वाघ परवडला. तो पेपर वाचून नाही दाखवत."

संध्याकाळी त्या बाईंची सायकल दुकानातून दुरुस्त करून घेतली आणि त्यांच्या घरापर्यंत हाताने ढकलत नेली. वाटेत मान सारखी डावीकडे वळवत चाललो. किती माणसं असतात त्या बाजूला. एक पोरगं पतंगासारखं माझ्या अगदी जवळून पळालं, ते मला त्याच्या पाठीवरूनच कळलं.

बाईंनी दार उघडलं. हनुवटीवर पट्टी. सायकलची घंटी वाजवून बघितली, आत या म्हणाल्या. त्यांचा नवरा आतून बाहेर आलाच नाही. पाणी दिलं. मग उंबऱ्यात उभ्या राहून विचारलं, "तुम्ही अजून चालवता का गाडी?"

"नाही," मी म्हटलं.

हे कुणालातरी तोंडाने पहिल्यांदाच सांगितलं. घरी अजून कुणी विचारलंच नव्हतं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

नात झाली. दोघी सुखरूप. आम्ही पोचायच्या आधीच झाली. इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितोय, ही आत लेकीजवळ आहे.

फोन पहाटे आला. बॅग भरलेलीच होती. ही किल्ली घेऊन पुढे आणि मी मागून थेंबांची बाटली घेऊन. निघताना सल्लागार खिडकीत उभे होते. या वेळी काही सुचवलं नाही, हात केला.

गावाबाहेर पडेपर्यंत मी गप्प होतो. मग राहवेना. गिअर खाली घे, ट्रकच्या इतक्या जवळ जाऊ नकोस, आता काढ पुढे, आता नको. तिने कडेला गाडी थांबवली. "बोलायचं असेल तर मागे बसा," ती म्हणाली. मी मागे बसलो. मागूनही बोललो. तिने रेडिओ लावला. राग आला, उतरून बसने जावंसं वाटलं, आणि बस म्हटल्यावर मलाच कसंतरी झालं. पुढे घाटात वळणामागून वळणं लागली. ती प्रत्येक वळणावर सहज, न ओढता, चाक फिरवत होती. स्टिअरिंगचा आवाज नाही की काही नाही. माझं काम आणि तिचे हात. मधे एकदा आरशातून माझ्याकडे बघून म्हणाली, "हलकं आहे हो खरंच." मी म्हटलं, हवा नीट काढली की होतंच.

इस्पितळाच्या आवारात जागा एकच उरली होती. एका बाजूला रुग्णवाहिका, दुसऱ्या बाजूला भिंत. गाडी उलटी आत घालायची. रस्ताभर न घाबरलेली बाई तिथे घाबरली. दोनदा आत घेतली, दोनदा बाहेर काढली. मागच्या गाडीवाल्याने भोंगा वाजवला. आत आपली लेक, आणि आम्ही इथे पुढे-मागे करतोय. तिच्या कपाळावर घाम.

"हे अजून येत नाही मला नीट," ती म्हणाली. "तुम्ही घेता का?"

विचारून झाल्यावर तिलाच कळलं. मलाही.

मग मी उतरलो. गाडीच्या मागे जाऊन उभा राहिलो. उजवीकडे बघितलं, रुग्णवाहिका. डावीकडे बघितलं, मोकळं वाटलं. तेवढ्यावर हात केला नाही. मान वळवली, खांदा वळवला, पाय उचलून सगळा त्या बाजूला फिरलो, तेव्हा दिसली. भिंतीला टेकून एक म्हातारी जमिनीवर बसली होती, मांडीवर पिशवी, पाय पसरलेले. तिला म्हटलं, आजी, पाय जरा आत घ्या. तिने घेतले. मग पुन्हा एकदा सगळा फिरून बघितलं.

"ये," मी हिला म्हटलं. "हळू. अजून ये. मी बघतोय."